गाडीची बॅटरी पुन्हा पुन्हा जाते? आधी कारण लेखी मागा, मग आयोगाकडे जा

गाडी वॉरंटीत आहे. बॅटरी एकदा बदलून मिळाली, दुसऱ्यांदाही मिळाली, आणि तरी एका सकाळी सेल्फ मारल्यावर नुसती टकटक. वर्कशॉपमध्ये ॲडव्हायझर सांगतो, "साहेब, परत नवीन टाकून देतो, बिनधास्त चालवा." पैसे घेत नाहीत, त्यामुळे भांडायला जागाच उरली नाही असं मालकाला वाटतं. तो गाडी घेऊन घरी येतो आणि पुढच्या टोचनची वाट बघतो.

नाशिकमध्ये ग्राहकांच्या तक्रारी लिहून द्यायच्या कामात ही तक्रार वारंवार समोर येते. कधी पेट्रोल-डिझेल गाडीची १२ व्होल्टची बॅटरी असते, कधी इलेक्ट्रिक गाडीची मोठी बॅटरी. दोन्हीकडे माझं म्हणणं एकच असतं. फुकट बदलून दिलेली बॅटरी म्हणजे दुरुस्ती नव्हे. ती का गेली हे कंपनीने लेखी सांगितलेलं नसेल, तर दोष अजून गाडीतच आहे. आणि ते कारण तुम्ही लेखी मागितलेलं नसेल, तर उद्या ग्राहक आयोगासमोर कंपनी एवढंच म्हणेल, "दर वेळी तक्रार आली, दर वेळी आम्ही मोफत सोडवली." या उत्तराला तोंड द्यायची तयारी पहिल्याच फेरीपासून करावी लागते.

आधी बिघाड कुठे आहे ते पाहा

कायद्याकडे वळण्याआधी थोडं तांत्रिक बघू, कारण पुढचा सगळा दावा त्यावर उभा राहतो. बॅटरी वारंवार उतरण्याची कारणं ढोबळमानाने तीन. बॅटरीच सदोष असते. किंवा बॅटरी चांगली, पण अल्टरनेटर ती पुरेशी भरत नाही. किंवा दोन्ही ठीक, पण गाडी बंद असताना कुठला तरी भाग गुपचूप करंट ओढत राहतो. एखादा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, चिकटलेला असतो, एखादं कंट्रोल युनिट झोपत नाही, डिकीचा दिवा आत पेटलेला राहतो. हे तिसरं कारण वर्कशॉपमध्ये सगळ्यात जास्त सुटतं. ते शोधायला तासन् तास लागतात. बॅटरी बदलायला वीस मिनिटं पुरतात.

चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन साध्या मल्टिमीटरने बरंच सांगू शकतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ती भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२ च्या खाली गेली तर ती रिकामी समजायची. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत, पण नव्या गाड्यांमधला स्मार्ट अल्टरनेटर हा आकडा वरखाली करतो, म्हणून एका मापावर निकाल देऊ नका. बंद गाडीतली गळती मोजायची तर गाडी लॉक करून, चावी लांब ठेवून, सगळी युनिट झोपेपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबावं लागतं. त्यानंतर ओढला जाणारा करंट साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. तो अर्धा अँपिअर निघाला, तर दिवसाला १२ अँपिअर-तास गेले. म्हणजे ६० अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत पूर्ण रिकामी होईल, आणि सेल्फ तर त्याच्या बराच आधी फिरायचा थांबेल. असा आकडा असताना दहा नव्या बॅटऱ्या टाकल्या तरी दहाही मरतील.

हे मोजमाप फक्त १२ व्होल्टच्या बॅटरीवर करायचं. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडीतल्या नारिंगी केबलला घरच्या माणसाने किंवा गल्लीतल्या मेकॅनिकने हात लावायचा नाही. तिथला व्होल्टेज जीव घेतो.

दोन बचाव ठरलेले असतात. पहिला बाहेरून बसवलेल्या वस्तूंचा: डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, म्युझिक सिस्टिम. यावर उपाय आहे. पुढच्या वेळी वर्कशॉपमध्ये त्या वस्तू त्यांच्याच माणसाकडून काढून घ्या आणि जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉप तुमची तक्रार आणि केलेलं काम लिहितं त्या कागदावर, तशी नोंद करायला लावा. त्यानंतरही बॅटरी उतरली तर हा बचाव संपला. दुसरा बचाव हवामानाचा आणि वापराचा. "थंडी जास्त होती", "तुमची गाडी फक्त कॉलेज रोड ते गंगापूर रोड फिरते, चार्ज कुठून होणार?" थंडीत निफाडचा पारा एक आकडी होतो हे खरं. लेड-ॲसिड बॅटरी उन्हाळ्यात झिजते आणि थंडीत उघडी पडते हेही खरं. पण गाडी नाशिकच्या शोरूमने नाशिकच्या माणसाला विकली आहे. इथली थंडी आणि इथली छोटी अंतरं हा तिचा नेहमीचाच वापर आहे. रोज अमुक किलोमीटर चालवलीच पाहिजे अशी अट मालकाच्या पुस्तिकेत असेल तर ती दाखवा म्हणावं, आणि तेही ईमेलवर.

जॉब कार्ड हाच तुमचा पंचनामा

आयोगात जाणारी बहुतेक प्रकरणं कायद्यामुळे कच्ची राहत नाहीत, जॉब कार्डमुळे राहतात. ॲडव्हायझर तक्रारीच्या रकान्यात लिहितो, "बॅटरी चेक". दोन वर्षांनी हे वाचणाऱ्या आयोगाच्या सदस्याला वाटणार, मालक सहज तपासायला आला होता. म्हणून पूर्ण वाक्य लिहायला लावा: "गाडी दोन दिवस उभी राहिल्यास सुरू होत नाही. हीच तक्रार तिसऱ्यांदा. मागील जॉब कार्ड क्रमांक अमुक, तारीख अमुक." तो लिहीत नसेल तर तिथेच उभं राहून मोबाइलवरून त्याच मजकुराचा ईमेल शोरूमला आणि कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला पाठवा.

गाडी परत घेताना समाधान झाल्याच्या छापील ओळीखाली सही मागतात. सही करावी लागली तर वर पेनाने लिहा, "बिघाडाचं कारण सांगितलेलं नाही, हक्क राखून गाडी ताब्यात घेत आहे." गेटवर घाई असते, मागची गाडी हॉर्न वाजवत असते. तरी ही एक ओळ लिहाच. पुढे ती फार उपयोगी पडते.

सातपूर-अंबडला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ज्यांनी काम केलंय त्यांना एट-डी रिपोर्ट सांगायला नको. तोच दोष दुसऱ्यांदा आला की गाडी बनवणारी कंपनी पुरवठादाराला नुसता भाग बदलून देऊ देत नाही. मूळ कारण काय, ते कसं शोधलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, हे सगळं लेखी दिल्याशिवाय तक्रार बंद होत नाही. जी शिस्त कंपनी नाशिकच्या लघुउद्योजकाकडून मागते, तीच गाडीच्या मालकाने कंपनीकडून मागायची. त्यात उद्धटपणा नाही. दहा-पंधरा लाख मोजलेल्या माणसाची ती रास्त मागणी आहे.

ईमेल फार लांब नको. असा चालेल:

"माझी गाडी, नोंदणी क्रमांक अमुक, चॅसिस क्रमांक अमुक. सोबत जोडलेल्या जॉब कार्डांनुसार बॅटरी उतरण्याची तक्रार पुन्हा पुन्हा आली असून दर वेळी फक्त बॅटरी बदलण्यात आली. कृपया पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात: काढलेल्या बॅटरीचा चाचणी अहवाल, गाडी बंद असताना मोजलेला करंट, चार्जिंग व्होल्टेज, डायग्नोस्टिक स्कॅनमधील सर्व कोड, आणि बिघाडाचं मूळ कारण. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास कारण शोधलेलंच नाही असं मी समजेन व ग्राहक आयोगाकडे दाद मागेन."

उत्तर आलं तर कारण हातात येतं. नाही आलं तर मौन हाती येतं, आणि आयोगासमोर त्या मौनालाही वजन असतं. सोबत टोचनच्या पावत्या, रोडसाइड असिस्टन्सचे मेसेज आणि मल्टिमीटरचा आकडा व गाडीचा नंबर एकाच अखंड व्हिडिओत, एवढं साठवत चला. मूळ मोबाइल विकू नका. डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडलेलं बरं.

वॉरंटी नक्की कुणाची

इथे पुष्कळ लोक अडकतात. बऱ्याच गाड्यांच्या वॉरंटीत १२ व्होल्टची बॅटरी आणि टायर वगळलेले असतात. त्यांची वॉरंटी ती वस्तू बनवणारी कंपनी देते. मग शोरूम बॅटरीवाल्याकडे बोट दाखवतं, बॅटरीवाला म्हणतो गाडीच्या वायरिंगमध्ये दोष आहे. शिवाय बदलून मिळालेल्या बॅटरीला सहसा नवी वॉरंटी मिळत नाही, जुनीचीच उरलेली मुदत चालते. म्हणजे तुम्ही नुसती बॅटरी बदलत राहिलात तर एक दिवस तीही संपते आणि पुढची बॅटरी खिशातून घ्यावी लागते.

त्यामुळे तक्रारीत गाडी उत्पादक, विक्रेता शोरूम, सर्व्हिस केलेलं वर्कशॉप आणि गरज असेल तर बॅटरी कंपनी, सगळ्यांना सामनेवाला करायचं. दोष कुणाचा ते त्यांनी एकमेकांसमोर बोलू दे. फक्त शोरूमविरुद्ध दावा लावला की शोरूम म्हणतं, गाडी आम्ही बनवली नाही. फक्त उत्पादकाविरुद्ध लावला की तो म्हणतो, दुरुस्ती आम्ही केली नाही.

हेल्पलाइन आणि मग जिल्हा आयोग

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो आणि ती कंपनीकडे जाते. वर्कशॉपच्या पातळीवर अडकलेली फाइल यामुळे कधी कधी वरच्या माणसापर्यंत पोचते, म्हणून पहिला प्रयत्न इथे करावा. पण हेल्पलाइनला आदेश द्यायचा अधिकार नाही. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: हेल्पलाइनवरची तक्रार, नोटिसा, ईमेल यांनी मुदत थांबत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ६९ नुसार दाव्याचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. दर नव्या बिघाडाने नवं कारण घडतं असा युक्तिवाद करता येतो, उशीर माफ करायची तरतूदही आहे, पण त्यावर विसंबू नका. पहिल्या बिघाडापासून दोन वर्षं मोजा.

तक्रार नाशिकमध्येच करता येते. वॉरंटीच्या पुस्तिकेत दिल्लीच्या किंवा चेन्नईच्या न्यायालयाचं नाव छापलेलं बघून लोक घाबरतात. कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा जिथे काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार चालते. कुठला आयोग हे गाडीसाठी तुम्ही मोजलेल्या किमतीवरून ठरतं: ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग. आधी जिल्ह्याची मर्यादा १ कोटी होती, डिसेंबर २०२१ च्या नियमांनी ती खाली आली. शुल्क अगदी कमी आहे. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर काहीच नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १००० रुपये. दाखल करायला ऑनलाइन पोर्टल आहे. आधीचं ई-दाखिल आता १ जानेवारी २०२५ ला सुरू झालेल्या ई-जागृतीत सामावलं आहे. वकील सक्तीचा नाही, स्वतः बाजू मांडता येते. मात्र तांत्रिक प्रकरणात उलटतपासणीची वेळ आली तर जाणकार वकील सोबत असलेला बरा, हे माझं प्रामाणिक मत.

नोटीस मिळाल्यावर सामनेवाल्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचं, फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापुढे सवलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. निकालाची अपेक्षित मुदत तीन महिने, आणि वस्तूची चाचणी लागणार असेल तर पाच महिने. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो. तो वेळ धरूनच बसा, म्हणजे मधेच हताश होऊन कमी पैशात तडजोड होत नाही.

तज्ज्ञाचा अहवाल: इथे प्रकरण जिंकतं किंवा पडतं

कायद्यातली दोषाची व्याख्या चांगली रुंद आहे. कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याने सांगितल्याप्रमाणे जो दर्जा असायला हवा, त्यातली कोणतीही उणीव म्हणजे दोष; करार उघड असो की गर्भित. पण तुमची बॅटरी पाच वेळा उतरली एवढ्याने उत्पादनातला दोष आपोआप सिद्ध होईल असं समजू नका. कंपनी म्हणणारच, तज्ज्ञाचा अहवाल कुठे आहे?

कलम ३८ मध्ये यासाठी वाट आहे. चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, अहवाल साधारण ४५ दिवसांत अपेक्षित असतो आणि चाचणीचा खर्च आधी तक्रारदाराने भरायचा असतो. वाहनांसाठी पुण्याची एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही मोठी संस्था आपल्यापासून फार लांब नाही. सरकारी तंत्रनिकेतन किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांची तज्ज्ञ म्हणून नेमणूक मागता येते. हा अर्ज तक्रारीसोबतच द्या, युक्तिवादाच्या दिवशी नाही. आणि तपासणी कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये, कंपनीच्याच माणसाच्या हाताने होत असेल तर तिथे स्वतः हजर राहण्याची परवानगी अर्जातच मागा.

२०१० च्या सी. एन. अनंतराम विरुद्ध फियाट या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्र तांत्रिक तज्ज्ञाकडून गाडी तपासायला सांगितली होती आणि मूळ उत्पादनातला दोष निघाल्यास किंमत व्याजासह परत करायची असा मार्ग आखून दिला होता. उलट दिशेचा निकालही माहीत हवा. मारुती उद्योग विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा या २००६ च्या प्रकरणात क्लचची तक्रार होती. तिथे न्यायालय म्हणालं, वॉरंटी सदोष भाग बदलून देण्याची आहे, तेवढ्यासाठी अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. कंपन्यांचे वकील हा निकाल हमखास पुढे करतात. त्याला उत्तर हेच की इथे भाग बदलला, पुन्हा पुन्हा बदलला, तरी दोष गेला नाही. म्हणजे सदोष भाग दुसराच आहे आणि तो शोधलाच गेलेला नाही. मघाशी जॉब कार्डांवर एवढा जोर दिला तो यासाठी. ह्युंदाई विरुद्ध शैलेंद्र भटनागर या २०२२ च्या निकालाचाही आधार घ्या. अपघातात एअरबॅग उघडल्या नव्हत्या. तांत्रिक सिद्धांतांची बारकाईने माहिती असण्याची अपेक्षा ग्राहकाकडून करता येत नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला.

मागणी लिहिताना एकच टोकाची मागणी ठेवू नका. पहिली मागणी गाडी बदलून द्यावी किंवा किंमत व्याजासह परत करावी. ते मान्य नसेल तर मूळ कारण शोधून दुरुस्ती आणि त्या संपूर्ण विद्युत यंत्रणेवर वाढीव वॉरंटी. शिवाय टोचन, भाड्याची गाडी, बुडालेले कामाचे दिवस आणि मनस्ताप यांची भरपाई, आणि तक्रारीचा खर्च. गाडी खूप किलोमीटर चाललेली असेल तर पूर्ण किंमत परत मिळणं अवघड होतं. ओडोमीटरचा आकडा हा कंपनीचा आवडता पुरावा आहे, त्यामुळे निर्णय घ्यायला वर्षं घालवू नका.

गाडीवर कर्ज असेल तर हप्ता थांबवू नका. रागाच्या भरात लोक थांबवतात, मग बँक गाडी उचलते आणि ज्या गाडीची तपासणी व्हायची तीच हातची जाते.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर

इथे दोन बॅटऱ्या असतात हे आधी लक्षात घ्या. मोठी बॅटरी गाडी चालवते, पण गाडी जागी करते ती छोटी १२ व्होल्टचीच. तिला मोठीकडून चार्ज देणारं युनिट बिघडलं तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागेवर मेलेली. जून २०२४ मध्ये ह्युंदाईने भारतात १,७४४ आयोनिक ५ गाड्या नेमक्या अशाच कारणासाठी, चार्जिंग नियंत्रण युनिटसाठी, परत बोलावल्या होत्या.

मोठ्या बॅटरीवर अनेक कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात आणि क्षमता ठरावीक टक्क्यांच्या खाली गेली तरच दावा मान्य करतात. बऱ्याच ठिकाणी ती रेषा ७० टक्के असते. म्हणून दर सर्व्हिसला बॅटरीच्या आरोग्याचा टक्का लेखी मागा. जाहिरातीतली रेंज कसारा घाट चढताना मिळत नाही, हा एकट्याने दोष ठरणार नाही. पण तोच रस्ता, तीच गाडी आणि एका वर्षात रेंज झपाट्याने घसरली, तर ती नोंद बोलते. सॉफ्टवेअर अपडेटच्या आधीचे आणि नंतरचे फोटो ठेवा. कंपनी बॅटरीच्या नियंत्रण यंत्रणेतली माहिती द्यायला तयार नसते. आयोगाकडे दिवाणी न्यायालयासारखे कागद हजर करायला लावण्याचे अधिकार आहेत, तसा अर्ज करा. "तुमच्या घरचं अर्थिंग खराब आहे" हे उत्तर येणारच, तेव्हा परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून सही-शिक्क्याचा कागद आधीच तयार ठेवा.

आगीची गोष्ट वेगळी आणि गंभीर. एप्रिल २०२२ मध्ये नाशिकमध्येच कंटेनरमधून नेल्या जाणाऱ्या २० इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या होत्या. त्या वर्षीच्या अशा घटनांनंतर बॅटरीच्या सुरक्षेचे मानक कडक झाले. गाड्यांसाठीचं एआयएस-०३८ सुधारित रूपात डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झालं. धूर, जळका वास किंवा बॅटरीच्या तापमानाचा इशारा आला तर गाडी इमारतीपासून लांब उभी करा आणि तिथेच सोडा. आग लागली तर अग्निशमन दलाचा अहवाल, पोलिसांतली नोंद आणि विमा कंपनीला तात्काळ कळवणं, हे सगळं झाल्याशिवाय जळालेली गाडी कंपनीच्या ताब्यात देऊ नका. एकदा ती त्यांच्या आवारात गेली की कारणही तेच सांगणार.

अशा वेळी कायद्यातलं उत्पादन दायित्वाचं प्रकरण, कलम ८२ ते ८७, कामाला येतं. माणसाला इजा झाली, पार्किंगमधल्या दुसऱ्या गाड्या जळाल्या, घराचं नुकसान झालं, तर उत्पादकाकडून भरपाई मागता येते. मात्र त्या प्रकरणातल्या हानीच्या व्याख्येत खुद्द त्या वस्तूचं नुकसान येत नाही. म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीच्या किमतीसाठी दोष आणि सेवेतील त्रुटी हाच पाया घ्यायचा, बाकी नुकसानीसाठी उत्पादन दायित्व. एकाच तक्रारीत दोन्ही मुद्दे वेगळे करून लिहा.

इतरांनाही हाच त्रास असेल तर

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं. पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका होईल असा दोष पुरेशा मालकांनी कळवला तर केंद्र सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं. नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत आणि सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना लागतात. परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर दोष नोंदवता येतो. यातून तुम्हाला वैयक्तिक पैसे मिळणार नाहीत, पण चालत्या गाडीत सगळी वीज जाते असा दोष असेल तर नोंदवणं हे कर्तव्यच आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर चॅसिस क्रमांक टाकून आपली गाडी आधीच एखाद्या रिकॉलमध्ये आहे का तेही बघा. ह्युंदाईने २०२० च्या डिसेंबरमध्ये ४५६ कोना गाड्या मोठ्या बॅटरीच्या तपासणीसाठी अशाच परत बोलावल्या होत्या.

अमेरिकेत सुबारूच्या काही मॉडेलच्या मालकांनी, बंद गाडीतही बॅटरी उतरते म्हणून, २०२० मध्ये सामूहिक दावा लावला आणि तडजोडीत वाढीव वॉरंटी व झालेल्या खर्चाची भरपाई मिळवली. तिथे वारंवार नादुरुस्त होणाऱ्या गाडीसाठी राज्यांचे स्वतंत्र कायदे आहेत, आपल्याकडे तसा कायदा नाही. तो व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं. ठरावीक फेऱ्यांनंतर गाडी परत, एवढा सरळ नियम असता तर मालकाला तज्ज्ञ शोधत फिरावं लागलं नसतं. तोवर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ खाली एकाच हिताचे अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने तक्रार करू शकतात. मॉडेल, वर्ष आणि बिघाड सारखा आहे हे दाखवावं लागतं. दोन-चारच मालक भेटले तर प्रत्येकाने स्वतंत्र तक्रार करून एकमेकांची जॉब कार्डं पुरावा म्हणून जोडलेली जास्त सोपी पडतात.

ग्राहक कोण, हा प्रश्न

नाशिक-मुंबई टॅक्सी चालवणारे भाऊ विचारतात, आमची गाडी पिवळ्या पाटीची, आम्हाला हा कायदा लागतो का? स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून घेतली असेल तर लागतो. व्याख्येच्या स्पष्टीकरणातच तसं आहे. तक्रारीत हे वाक्य पहिल्या परिच्छेदात लिहा आणि गाडी स्वतः चालवता त्याचा पुरावा जोडा. चार-पाच गाड्या पगारी ड्रायव्हरवर चालत असतील तर अवघड आहे. कंपनीच्या नावावर घेतलेली, पण संचालकाच्या वैयक्तिक वापराची गाडी व्यावसायिक कारणासाठी आहे असं सरसकट म्हणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये मान्य केलं. सेकंडहँड गाडी घेताना वॉरंटी आपल्या नावावर झाल्याचं कंपनीचं पत्र घ्या, नाहीतर पहिलीच लढाई त्यावर होते.

निकाल तुमच्या बाजूने लागला की कंपनी ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील करू शकते, पण आदेशातली निम्मी रक्कम आधी जमा करूनच. अपीलही झालं नाही आणि पैसेही आले नाहीत, तर कलम ७१ खाली वसुली आणि कलम ७२ खाली दंडात्मक अर्ज, दोन्ही त्याच जिल्हा आयोगात दाखल करायचे. ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजार ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आदेशाची प्रमाणित प्रत मिळाली की तारखेसह कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. या दोन्ही अर्जांना ती लागते.